डाळिंबाच्या सालीत काय असतं, आणि ते कळतं कसं?

मागच्या महिन्यात मामा विट्याला आले ते एसटी स्टँडवरून थेट माझ्या घरी. दिघंचीजवळ त्यांची डाळिंबाची बाग आहे, सगळी भगवा वाणाची. वहीत जपून ठेवलेला एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढं सरकवला. "तू रसायन शिकवतीस न्हवं? ह्यात काय लिवलंय त्ये सांग. माल चांगला हाय का वाईट, यवढंच."

कागद एका प्रयोगशाळेचा होता. तडकलेली, डागी फळं बाजारात चालत नाहीत. मामी आणि गल्लीतल्या बायका त्यांचे दाणे सोडवतात, दाणे रसवाल्याला जातात आणि साल मागं उरते. ती वाळवून विकत घेणारा एक व्यापारी मामांना भेटला होता. त्यानं नमुना तपासून आणला आणि "रिपोर्ट हलका आलाय" म्हणून दर पाडला. रिपोर्टमध्ये चारच ओळी होत्या: टॅनिन पॉझिटिव्ह, एकूण फिनॉल इतके मिलिग्रॅम जीएई, डीपीपीएच इतके टक्के, ओलावा इतका.

त्याच आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर एक मजकूर फिरत होता. डाळिंबाच्या सालीची पूड रोज चमचाभर घ्या, कर्करोग मुळासकट जातो, "लॅबमध्ये सिद्ध झालंय". दर पाडणारा व्यापारी आणि कर्करोग घालवणारा मजकूर, दोघंही प्रयोगशाळेचंच नाव घेत होते. सालीत काय आहे, ते किती आहे आणि ते अंगी लागतं का, हे तीन निराळे प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरं निराळ्या ठिकाणी मिळतात. मामांना मी त्या दुपारी जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहिते.

झाड आपली ताकद सालीत का घालतं?

डाळिंबाच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग साल आणि आतले पडदे यांचा असतो. आपण दाण्यांसाठी फळ घेतो, पण झाडाच्या दृष्टीनं दाणा म्हणजे बी, आणि बी तयार होईपर्यंत ते राखायचं असतं. झाडाला पळून जाता येत नाही, काठी उगारता येत नाही. त्याच्या हातात रसायनं तेवढी असतात, आणि ती ते बाहेरच्या भिंतीत भरतं. बुरशी, किडे, गुरं सगळे आधी सालीलाच भिडतात. (तरीही फळ पोखरणारी अळी आत शिरतेच. डाळिंब लावलेल्या कुणालाही ते वेगळं सांगायला नको.)

या रसायनांचं मोठं कुळ म्हणजे पॉलिफिनॉल. कार्बनच्या सहा अणूंचं एक कडं असतं आणि त्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लटकलेली असते, त्याला फिनॉल म्हणतात. एकाच रेणूत अशा पुष्कळ जोड्या आल्या की तो पॉलिफिनॉल. त्यातली थोराड, प्रथिनांना चिकटणारी जात म्हणजे टॅनिन. साल चावून पाहिली तर जीभ खरखरीत होते आणि तोंडाला कोरड पडते. लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटून गोळा होतात आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो, म्हणून तसं वाटतं. आपण त्याला तुरट म्हणतो. हिरड्यातही टॅनिन भरपूर असतं, म्हणून कातडं कमावायला हिरडा वापरतात. तिथंही तेच घडतं, टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरून ठेवतं आणि ते कुजत नाही.

डाळिंबाच्या सालीतलं मुख्य टॅनिन म्हणजे प्युनिकॅलॅजिन. पाण्याच्या रेणूचं वजन १८ धरलं तर साखरेच्या रेणूचं ३४२ भरतं आणि प्युनिकॅलॅजिनचं १०८४ च्या पुढं जातं. हा १०८४ चा आकडा ध्यानात असू द्या, पुढं लागेल. त्याच्या सोबतीला इलॅजिक आम्ल आणि गॅलिक आम्ल हे छोटे नातेवाईक असतात. अख्खं फळ दाबून काढलेल्या रसात नुसत्या दाण्यांच्या रसापेक्षा ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद जास्त भरते, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. दाबताना सालीतलं प्युनिकॅलॅजिन रसात उतरतं, म्हणून.

विळी काळी पडते ती पहिली चाचणी

आजीकडं लोखंडी पात्याची विळी होती. डाळिंब किंवा आवळा चिरून झाला की ती ओरडायची, "पातं पुसून ठेवा गं, काळं पडंल." पुसायचं राहिलं तर तासाभरात पात्यावर निळसर काळे डाग उमटायचे, आणि बोटांवरचा काळेपणा दोन-दोन दिवस जायचा नाही.

तो डाग म्हणजे लोखंड आणि टॅनिन यांची गाठ. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. तो टॅनिनच्या पाण्यात टाकून पूर्वी लिहायची शाई करत. कापड रंगवणारेही हे जाणतात. सालीच्या काढ्यात तुरटी घातली तर कापडावर पिवळा रंग चढतो आणि हिराकस घातला तर करडा-काळा.

प्रयोगशाळेतली पहिली चाचणी हीच असते. सालीच्या अर्कात फेरिक क्लोराइडचे, म्हणजे लोखंडाच्याच दुसऱ्या क्षाराचे, दोन थेंब टाकायचे. निळा-काळा रंग आला की लिहायचं, "टॅनिन : पॉझिटिव्ह". मामांच्या रिपोर्टमधली पहिली ओळ ती. पण चहाही या चाचणीत पॉझिटिव्ह येईल आणि हिरडाही. वाड्याच्या खिडकीत दिवा दिसला म्हणजे आत कुणीतरी राहतं एवढं कळतं, राहणारा कोण आणि त्याची शेती किती ते कळत नाही.

अर्क कसा काढला, तिथंच निम्मा निकाल लागतो

यंत्रात साल घालता येत नाही, सालीतलं काय ते द्रवात उतरवून घ्यावं लागतं. चहा करताना तरी वेगळं काय करतो? पानं पाण्यात टाकतो, पाणी रंग आणि चव ओढून घेतं, चोथा मागं राहतो. पाणी किती गरम, पत्ती बारीक की जाड आणि किती वेळ उकळलं यावर चहा ठरतो. सालीचंही तसंच. नुसत्या पाण्यात एक निघतं, पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणात दुसरं, तेलकट द्रवात तिसरं. फार वेळ उकळलं तर प्युनिकॅलॅजिन फुटतं आणि त्यातून इलॅजिक आम्ल बाहेर पडतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी गाळ होऊन बसतं. मग कुणी वरचं निवळ पाणी तेवढं तपासलं तर त्याला वाटणार, सालीत फार काही नव्हतंच.

म्हणून दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना आधी अर्क कशात आणि कसा काढला ते पाहावं. मामांच्या कागदावर त्याचा उल्लेखच नव्हता. दर पाडण्याआधी निदान एवढं तरी विचारायला हवं होतं.

ब्रिक्स आणि साखर : "एकूण" या शब्दात काय दडतं

आता दुसरी ओळ, "एकूण फिनॉल". हे समजायला आपल्या सातारा-सांगलीच्या माणसाला परदेशी उदाहरण नको, उसाचं पुरे आहे. उसाच्या रसाचा थेंब ब्रिक्स मीटरच्या काचेवर ठेवला की आकडा दिसतो. तो आकडा रसात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांचा असतो, त्यात साखर आली, ग्लुकोज आलं, क्षार आले. कारखान्याची प्रयोगशाळा तेवढ्यावर थांबत नाही. ती पोल काढते, म्हणजे रसातून प्रकाश सोडून तो किती वळतो त्यावरून खरी साखर किती ते पाहते. ब्रिक्स चांगला आणि पोल कमी असा ऊस उताऱ्यात मार खातो, हे कारखान्याच्या चिटबॉयपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

"एकूण फिनॉल" हा सालीचा ब्रिक्स आहे. फोलिन आणि चिओकॅल्तू या दोघांनी १९२७ साली एक पिवळसर द्रव तयार केला, तोही मुळात प्रथिनांमधली दोन अमिनो आम्लं मोजायला. फिनॉल भेटलं की हा द्रव निळा होतो. निळा जितका गडद तितकं फिनॉल जास्त. चाचणी स्वस्त आहे, तासा-दोन तासांत होते, म्हणून जगभर चालते. पण हा द्रव क जीवनसत्त्वानंही निळा होतो आणि काही साखरांनीही. रिपोर्टवर जीएई लिहिलेलं असतं, म्हणजे गॅलिक ॲसिड इक्विव्हॅलंट. जी निळाई दिसली ती गॅलिक आम्लानं आणायची तर किती गॅलिक आम्ल लागलं असतं, तो हा हिशेब. गोठ्यात म्हशी, शेळ्या, कोंबड्या सगळं आहे आणि तुम्ही सांगताय, "एकंदर चाळीस शेळ्यांच्या किमतीचं जितराब आहे." हिशेब खोटा नाही. पण त्यावरून म्हशी किती ते कळेल का?

तिसरी ओळ डीपीपीएचची. हा जांभळा द्रव असतो. अर्कातल्या रेणूंनी त्याला शांत केलं की तो पिवळा पडतो, आणि जांभळा किती टक्के गेला त्यावरून "अँटिऑक्सिडंट ताकद" सांगतात. हेही परीक्षानळीतलं माप आहे.

एकूणाचं माप फसवणाऱ्याच्या किती उपयोगी पडतं, हे २००८ साली चीनमध्ये दिसलं. दुधातलं प्रथिन थेट न मोजता त्यातला नायट्रोजन मोजण्याची पद्धत होती. लोकांनी दुधात पाणी घातलं आणि नायट्रोजनचा आकडा भरून काढायला मेलामाइन मिसळलं. आकडे बरोबर येत राहिले आणि लाखो मुलं मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी पडली. चाचणीनं तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरंच दिलं होतं. विचारणाऱ्यांनी चुकीचा प्रश्न विचारला होता.

गर्दीतून एकेकाला वेगळं काढायचं कसं?

इथं रसायनशास्त्रातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट येते. खरसुंडीच्या यात्रेत एका टोकाकडून शंभर माणसं एकदम सोडली असं समजा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं. कुणी प्रत्येक बांगड्यांच्या दुकानाशी थांबतो, कुणी भेळेपाशी रेंगाळतो, कुणाला कशात रस नाही, तो नाकासमोर चालत देवळाशी पोचतो. सोडताना सगळे एका घोळक्यात होते, पण दुसऱ्या टोकाला उभं राहिलात तर ते एकेक करून येताना दिसतील. रस्ता तोच असेल आणि माणसांच्या सवयी त्याच असतील, तर कोण किती वेळानं पोचणार तेही ठरलेलं.

याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९०३ साली खडूच्या भुकटीसारख्या पदार्थानं भरलेल्या काचनळीतून हिरव्या पानाचा अर्क सोडला. नळीत हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळे उमटले. क्रोमॅटोग्राफी म्हणजे रंगलेखन. गंमत अशी की रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचा अर्थच रंग. हे तंत्र पुढं नेणाऱ्या मार्टिन आणि सिंज या दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं.

आजच्या यंत्राला एचपीएलसी म्हणतात. त्यातली नळी वीतभर, सहसा २५ सेंटिमीटरची, पेन्सिलपेक्षा बारीक. आत सिलिकाचे साधारण पाच मायक्रॉनचे कण ठासून भरलेले. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. एवढ्या दाट बाजारातून द्रव ढकलायचा तर दाबही तसाच लागतो, दोनशे बार सहज. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते. नळीच्या शेवटी अतिनील प्रकाशाचा दिवा असतो. एखादा रेणू समोरून गेला की प्रकाश अडतो आणि पडद्यावर डोंगर उमटतो. त्याला पीक म्हणतात. डोंगर कुठल्या मिनिटाला आला त्यावरून रेणू कोण, आणि त्याचं क्षेत्रफळ किती त्यावरून तो किती, हे काढतात.

मात्र ओळख पटवायला आधी ओळखीचा माणूस लागतो. शुद्ध प्युनिकॅलॅजिन विकत आणून, त्याचं अचूक वजन करून, ते त्याच नळीतून सोडावं लागतं. याला स्टँडर्ड म्हणतात आणि ते महाग असतं. स्टँडर्ड न वापरता कुणी डोंगराकडं बोट दाखवून नाव सांगत असेल तर तो अंदाज समजावा.

प्युनिकॅलॅजिनची एक खोड आहे, नवशिका हमखास फसतो. शुद्ध प्युनिकॅलॅजिन सोडलं तरी पडद्यावर दोन डोंगर येतात. रेणूतल्या साखरेच्या एका टोकाची ठेवण दोन तऱ्हांची असू शकते. द्रावणात तो या रूपातून त्या रूपात जात-येत राहतो. त्यांना अल्फा आणि बीटा म्हणतात. आमच्या वर्गात एका मुलीनं दुसरा डोंगर "भेसळ" म्हणून सोडून दिला होता. हिशेबात प्युनिकॅलॅजिन मोठ्या प्रमाणात कमी आलं, आणि ती बिचारी दोन दिवस सालीलाच दोष देत होती. दोन्हींची बेरीज केली तेव्हा जमलं.

तरीही शंका उरली तर वजनकाटा आहे. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूवर विजेचा भार चढवून त्याला तोलतो. प्युनिकॅलॅजिन एक हायड्रोजन-केंद्रक सोडून ऋणभारित होतं, म्हणून १०८४ च्या जागी १०८३ दिसतं. इलॅजिक आम्ल ३०२ चं, ते ३०१ ला दिसतं. मग यंत्र रेणूचे तुकडे करून तेही तोलतं. प्युनिकॅलॅजिनच्या तुकड्यांत ३०१ सापडला की कळतं, या मोठ्या रेणूच्या पोटात इलॅजिक आम्ल दडलेलं आहे. एखादा अगदीच नवा रेणू सापडला तर अणू कुणाशेजारी बसलाय हे सांगणारं एनएमआर नावाचं आणखी मोठं यंत्र लागतं. मामांच्या सालीला त्याची गरज नाही.

मूठभर सालीवरून सगळ्या गोणी कशा ठरतात?

ठरत नाहीत. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं की निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे. तासगावात बेदाण्याचा सौदा बघितलेल्याला हे कळेल. बॉक्समध्ये वर हिरवा, लांब बेदाणा आणि खाली काळपट असेल, तर वरची मूठ काय सांगणार?

सालीचं तर त्याहून अवघड. कच्च्या फळाच्या सालीत टॅनिन जास्त असतं, फळ पिकत जातं तसं ते साधारणपणे कमी होतं. मृग बहाराची साल पावसात वाढलेली, हस्त बहाराची उन्हाच्या दिशेनं पिकलेली. उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून माणदेशात झाडांवर जुन्या साड्या पांघरतात. साडीखालचं फळ आणि उघड्यावर भाजलेलं फळ यांची साल दिसायलाही एक नसते. तेल्या रोगाचे डाग आहेत का, साल उन्हात वाळली की सावलीत, वाळताना बुरशी आली का, यातल्या प्रत्येक गोष्टीनं आकडा हलतो.

मामांना विचारलं, नमुना कुठून दिला? म्हणाले, "वरच्या गोणीत हात घातला आन् पुडी बांधली." वरची गोणी ढगाळ हवेत वाळलेली होती, आणि तिच्यात मागच्या बहाराची सालही होती. त्या एका पुडीवर सगळ्या मालाचा दर पडला.

"पण आजी साल उगाळून द्यायची, ते खोटं का?"

खोटं नाही. पोट बिघडल्यावर सालीचा काढा देणं ही जुनी रीत आहे, आणि आतड्यातल्या प्रथिनांना धरून आकसवणाऱ्या टॅनिनकडं पाहिलं तर तिच्यामागचा तर्कही समजतो. आजीचा दावा तेवढाच होता. जुलाब थांबला की काढा बंद. कर्करोगाबद्दल ती काही म्हणाली नव्हती.

"लॅबमध्ये सिद्ध" म्हणजे बहुतेक वेळा काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर अर्क ओतला आणि पेशी मेल्या. बशीतली पेशी अर्कात थेट बुडालेली असते. आपण पूड गिळली तर प्युनिकॅलॅजिनचा एवढा मोठा रेणू जसाच्या तसा रक्तात फारसा जात नाही. आतड्यात तो फुटतो, इलॅजिक आम्ल सुटतं, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन नावाचे लहान रेणू बनवतात. रक्तात पोचतात ते मुख्यतः हे. आणि सगळ्यांच्या पोटात हे जिवाणू नसतात, काही माणसांत युरोलिथिन बनतच नाही. मग बशीतल्या पेशींवर जे ओतलं ते आणि शरीरातल्या पेशींना जे मिळालं ते, या दोन वस्तूच वेगळ्या.

सालीतल्या रेणूपासून बाजारातल्या डबीपर्यंतचा प्रवास कसा होतो, याचं आपल्या ओळखीचं उदाहरण कोकम. कुंभार्ली घाटानं वर येणारं आमसूल म्हणजे कोकमाची सालच. कोकमाचा दक्षिणेतला भाऊ आहे मलबारी चिंच, गार्सिनिया कॅम्बोजिया. तिच्या सालीतली आंबटाई सायट्रिक आणि टार्टरिक आम्लाची, असं आधी समजत. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञानाच्या संस्थेत लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये दाखवलं की ते मुख्यतः हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे. कोकमाच्या सालीतही ते असतं. हे अस्सल, देखणं रासायनिक पृथक्करण होतं. पुढं प्राण्यांवरच्या प्रयोगांत या आम्लानं चरबी बनवणारं एक एन्झाइम अडवल्याचं दिसलं, आणि वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड माणसांवर बारा आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना हे आम्ल, निम्म्यांना दिसायला तशीच पण रिकामी गोळी. आम्ल घेणाऱ्यांचं सरासरी वजन ३.२ किलो उतरलं, रिकाम्या गोळीवाल्यांचं ४.१ किलो. फरक योगायोगात बसणारा होता, म्हणजे आम्लाचा उपयोग दिसला नाही. रेणू खरा होता, मोजमापही खरं होतं, पण माणसात गुण आला नाही. सोलकढीला यानं काही उणेपण येत नाही, ती जेवणानंतर प्यायची वस्तू आहे आणि उत्तम आहे.

डाळिंबाचंही असंच एक प्रकरण न्यायालयात गेलं. अमेरिकेत पॉम वंडरफुल या डाळिंबाचा रस विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१० मध्ये कारवाई सुरू केली. हृदयविकार आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाबद्दलचे दावे पुराव्याच्या पलीकडं गेलेत, असं आयोगानं २०१३ मध्ये ठरवलं आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानं तो निर्णय बहुतांशी उचलून धरला. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकी कृषी खात्यानं खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा आपला तक्ताच संकेतस्थळावरून काढून टाकला होता. परीक्षानळीतल्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दिसत नाही आणि विक्रेते ते आकडे भलत्या कामाला वापरतात, हे त्यांनी दिलेलं कारण.

व्हॉट्सअॅपवरच्या मजकुरानं मला एवढा राग येतो त्याला कारण आहे. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी गाठ लागल्यावर चार महिने असल्याच पुड्या खाल्ल्या आणि मग डॉक्टरांकडं गेल्या. ते चार महिने कुणी परत देत नाही.

"नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?"

याच डाळिंबाच्या झाडाच्या मुळाच्या आणि खोडाच्या सालीत पेलेटिएरिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यासारख्या द्रव्यांमुळं ती साल पूर्वी पोटातले पट्टकृमी पाडायला देत, आणि मात्रा चुकली तर ती माणसालाही बाधे. झाड एकच, पण फळाची साल वेगळी आणि खोडाची वेगळी. बाजारात "डाळिंब साल" एवढंच लिहिलेल्या पुडीत कुठली आहे, हे विचारायलाच हवं.

दुसरं, विळी आठवा. पात्यावर टॅनिननं लोखंडाला जसं धरलं तसं ते जेवणातल्या लोहालाही धरतं आणि त्याचं शोषण कमी करतं. आपल्याकडं किती बायकांचं हिमोग्लोबिन कमी निघतं ते सांगायला नको. त्यांनी जेवणाबरोबर रोज सालीची पूड घेणं म्हणजे एका हातानं लोहाची गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हातानं ती अडवायची.

तिसरं सगळ्यात जवळचं. फवारणी पडते कुठं? सालीवर. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, बुरशीनाशकं, कीटकनाशकं, सगळ्याचा पहिला थर तिथं. फळ खाणारा साल टाकून देतो, पूड खाणारा मात्र तोच थर खातो. वाळवल्यावर पाणी उडून जातं, त्यामुळं उरलेलं औषध किलोमागं जास्त भरतं. द्राक्षवाल्यांनी हे दुखणं भोगलंय. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट सापडलं. बागायतदार ज्याला लिहोसीन म्हणून ओळखतात तेच हे संजीवक. माल अडकला, आणि तेव्हापासून "रेसिड्यू", म्हणजे मालावर उरलेलं औषध, हा शब्द तासगाव-मिरजेच्या रानात मराठीच झाला. टॅनिनची चाचणी रेसिड्यूबद्दल अवाक्षर काढत नाही. त्याची चाचणी वेगळी मागावी लागते.

मग मामांनी करायचं काय?

सालीला किंमत आहे, हे मी त्यांना ठामपणे सांगितलं. रंगकामाला, कातड्याला, ठरावीक प्रमाणाचा अर्क बनवणाऱ्यांना ती लागते. पण त्या बाजारात "एकूण फिनॉल" सांगून निभत नाही. घेणारा विचारतो, प्युनिकॅलॅजिन एचपीएलसीवर किती टक्के, अर्क कशात काढला, ओलावा किती, शिसं-तांबं किती, रेसिड्यू कुठली कुठली तपासली. प्रयोगशाळेला त्या त्या चाचणीसाठी एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, हेही पाहतो. मान्यता चाचणीगणिक असते. दारावर पाटी आहे म्हणून सगळ्या चाचण्या मान्य, असं नसतं. आणि हा खर्च दहा-पंधरा गोणींसाठी एकट्यानं करणं परवडत नाही. शेजारच्या चार बागांनी मिळून एका पद्धतीनं साल वाळवली तरच त्यात काही राम आहे.

मामा निघताना फार काही बोलले नाहीत. गेल्या रविवारी दिघंचीला गेले तर पत्र्याच्या शेडखाली जुन्या साड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर सालीचा पातळ थर. डागी साल एकीकडं, निवळ दुसरीकडं. भरलेल्या गोण्यांवर मामीनं रंगाच्या ब्रशनं लिहिलं होतं : भगवा, बहार, तोडणीची तारीख, शेवटची फवारणी, सावलीत वाळवली. मामांनी या वेळी प्रत्येक गोणीच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ साल काढली, घमेल्यात सगळी कालवली, तिचे चार भाग केले आणि समोरासमोरचे दोन भाग उचलून पुडी बांधली. तसाच भाग शेजारच्या दोन बागांतूनही आला होता.

"ह्यो डोंगर दोन येत्यात म्हणालीस न्हवं," पुडीला दोरा गुंडाळताना मामा म्हणाले, "तर त्या लॅबवाल्याला आधीच चिठ्ठी लिवून देऊ का, दोन्हींची बेरीज कर म्हणून?"

चिठ्ठी मी लिहून दिली. रिपोर्ट अजून यायचाय.